पोकळी आणि मुभा

2025 साली नेटफ्लिक्सवर ‘ॲडोलसन्स’ ही ब्रिटिश मालिका आली आणि तिच्या पाठोपाठ एक निदानही आलं. 13 वर्षांचा मुलगा वर्गातल्या मुलीचा चाकूने खून करतो. का? तर खोलीचं दार लावून तो मोबाइलवर भलतंसलतं बघत होता. मालिका या निदानापेक्षा पुष्कळ शहाणी आहे, पण चर्चेला तेवढंच पुरलं. आपल्याकडच्या रविवार पुरवण्यांनीही तेच उचललं. मुलं एकटी पडली आहेत, आतून पोकळ झाली आहेत, आणि पोकळीत काहीही शिरतं. मग धर्माच्या नावाने शस्त्र उचलणारा असो, वंशाच्या नावाने गोळ्या झाडणारा असो की बायकांच्या द्वेषाने पेटलेला असो, सगळ्यांवर उतारा एकच: घरात संवाद वाढवा.

संवाद वाढवायला कुणाची हरकत असणार? पण जे निदान कुठल्याही रोग्याला लागू पडतं त्याला निदान म्हणवत नाही. विशीच्या अलीकडे-पलीकडे आतून पोकळ वाटलं नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्यातले बहुतेक जण झोपा काढतात, प्रेमात पडतात, फार तर वाईट कविता करतात. चाकू हातात घेणारा एखादाच निघतो. त्या एखाद्याबद्दल बोलताना सगळ्यांत असलेली गोष्ट पुढे करायची आणि त्याच्यापुरती जी होती ती सोडून द्यायची, हे मला आळशीपणाचं वाटतं. थोडं सोयीचंही वाटतं, पण त्याकडे नंतर येतो.

इटलीतल्या मिलान शहरात 1975 साली मोबाइल नव्हता. एकटेपणाही नव्हता, मी ज्या पोरांबद्दल लिहितो आहे ती दिवसरात्र टोळक्याने असत. शहराच्या मध्यभागी, कॅथेड्रलपासून चालत काही मिनिटांवर, सान बाबिला नावाचा चौक आहे. एका बाजूला लाल विटांचं जुनं चर्च, भोवती महागडी दुकानं आणि बार. सत्तरच्या दशकात तो नवफॅसिस्ट तरुणांचा अड्डा होता. त्यांना ‘सानबाबिलीनी’ म्हणत. थेंबाच्या आकाराचे रे-बॅन गॉगल, टोकदार बूट, चामड्याचं जाकीट हा त्यांचा वेश. डाव्या पोरांचा वेश म्हणजे टोपीवाला जाडाभरडा हिरवा कोट आणि वाढलेले केस. कुणी कुठल्या चौकातून काय घालून जायचं याचे अलिखित नियम होते, आणि ते मोडणाऱ्याला मार बसे. 25 मे 1975 रोजी आल्बेर्तो ब्राझिली हा 26 वर्षांचा विद्यार्थी मैत्रिणीबरोबर त्या भागातून चालला होता. पाच जणांनी त्यांचा पाठलाग केला आणि चौकाजवळच्या व्हिया मास्कान्यी या गल्लीत दोघांना भोसकलं. ती वाचली, तो मेला. मारेकऱ्यांची आणि त्याची ओळख नव्हती. तो डावा दिसत होता.

त्या दशकाची बाकी कहाणी इथे पुन्हा उगाळत नाही. 12 डिसेंबर 1969 रोजी पियाझ्झा फोन्तानातल्या बँकेत बॉम्ब फुटून 17 माणसं मेली. तीन दिवसांनी चौकशीला आणलेला अराजकवादी पिनेल्ली पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून मेला. त्यावरचं दारिओ फोचं नाटक ज्यांनी पाहिलं-वाचलं आहे त्यांना ती खिडकी ठाऊक आहे. पुढे पोलीस अधिकारी कालाब्रेझीचा खून, ब्रेशाच्या चौकातला बॉम्ब, माजी पंतप्रधान आल्दो मोरोचं अपहरण, बोलोन्या स्टेशनावरच्या बॉम्बचे 85 मृत्यू. या सगळ्याला इटालियन लोक ‘शिशाची वर्षं’ म्हणतात. बॉम्ब, गोळी आणि चाकू एकाच पोत्यात भरण्याची ती एक सोय आहे.

मला चाकूबद्दल बोलायचं आहे. ब्राझिलीच्या खुनानंतर वर्षाच्या आतबाहेर कार्लो लिझानीने त्यावर बेतलेला सिनेमा केला: ‘सान बाबिला ओरे 20: उन देलित्तो इनूतिले’. म्हणजे, सान बाबिला, रात्री आठ वाजता, एक निरर्थक खून. संगीत एन्न्यो मोरिकोनेचं, पात्रं जवळजवळ अनोळखी चेहऱ्यांची, चित्रीकरण खुद्द त्या चौकात. हल्ली इटालियन पोलिसपटांच्या शौकिनांमध्ये हा सिनेमा ‘कल्ट’ म्हणून फिरतो. त्या कौतुकाशी मला देणंघेणं नाही. सिनेमा म्हणून तो खडबडीत आहे, काही ठिकाणी चक्क भडक आहे. पण त्याची घडण नीट बघावी अशी आहे. सगळं एका दिवसात घडतं. सुरुवातीला एका मेलेल्या साथीदाराची अंत्ययात्रा, हात उंचावून केलेला फॅसिस्ट सलाम. मग चौघं जण शहरभर उंडारतात, मोडतोड करतात, लोकांना छळतात. त्यातल्या एकाकडे कामगार संघटनेच्या कार्यालयात बॉम्ब ठेवायचं काम येतं. त्याचा धीर होत नाही. दिवसभर साचलेली ती नामुष्की संध्याकाळी कुणाच्या तरी अंगावर निघणार हे प्रेक्षकाला कळत जातं, आणि रात्री आठला ती एका अनोळखी जोडप्यावर निघते.

शीर्षकातल्या ‘निरर्थक’ने या सिनेमाचं फार नुकसान केलं. कंटाळलेली श्रीमंत पोरं, डोक्यात विचार नाही, मनात नुसती रग, म्हणून खून: असं त्याचं सार सांगितलं जातं. पन्नास वर्षांपूर्वीचं ‘ॲडोलसन्स’च म्हणा ना, फक्त मोबाइलच्या जागी मोटरसायकल. लिझानीने स्वतः ते शीर्षक दिलं हे खरं. पण सिनेमा त्याच्या नावावरून ओळखायचा नसतो. चित्रफितीत जे दिसतं ते वेगळं आहे. ही पोरं दिवसभर कुठेही लपत नाहीत. भर रस्त्यात, भर उजेडात, लोकांच्या देखत सगळं चाललेलं असतं. कॅमेरा त्यांच्या मागे धावतो तेव्हा चौकटीच्या कडेला सतत माणसं असतात: दुकानदार, वाटसरू, वर्दीतले, सुटाबुटातले. कुणी नाक मुरडतं, कुणी हसतं, कुणी घड्याळ बघतं. अडवणारा विरळा. माझ्या मते सिनेमा त्या कडेच्या माणसांबद्दल आहे.

पोकळीच्या सिद्धान्ताची मोबाइलवाली आवृत्ती खोडायला फार कष्ट नकोत. पण त्याची एक भारदस्त आवृत्ती आहे आणि तिचा कर्ता कवी आणि दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी आहे. त्याला एका वाक्यात वाटेला लावणं शोभणार नाही. ब्रेशाला फॅसिस्टविरोधी सभेत बॉम्ब फुटून 8 माणसं मेली ती 28 मे 1974 रोजी. त्यानंतर दोन आठवड्यांनी, 10 जूनला, पासोलिनीने ‘कोरिएरे देला सेरा’ या मिलानच्याच दैनिकात जो लेख लिहिला त्याने इटलीतले डावे बुद्धिमंत हादरले. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाजाराने, दूरचित्रवाणीने, उपभोगाच्या नव्या संस्कृतीने सगळ्या इटालियनांना एका साच्यात ओतलं आहे. फॅसिस्ट तरुण आणि फॅसिस्टविरोधी तरुण आता चालण्या-बोलण्यात, देहबोलीत, मनाने सारखेच आहेत. वरची राजकीय निवड काय ती वेगळी. याच सुमारास त्याने आणखी एक टोचणी दिली: आपण या फॅसिस्ट पोरांशी कधी बोललोच नाही, ती जन्मतःच दुष्ट असल्यासारखं त्यांना वाळीत टाकलं.

पासोलिनी मोठा माणूस. त्याचे सिनेमे मी पुन्हा पुन्हा बघतो. त्याची ही मांडणी मात्र मला उत्तरोत्तर चुकीची वाटत गेली आहे, आणि ती इतकी आवडती झाली आहे की तिला नीट भिडायला हवं.

पहिली गोष्ट, सारखेपणाची. वरून बघणाऱ्या कवीला दोन्ही बाजूंची पोरं सारखी दिसली असतील. चौकातल्या माणसाला ती तशी दिसत नव्हती. ब्राझिली मेला तो वेगळा दिसला म्हणून. पासोलिनीचा पाठीराखा म्हणेल, कपडे ही वरवरची खूण आहे, संस्कृती खाली एकच आहे. असेल. पण ज्या खुणेवर जीव जातो ती वरवरची म्हणायला मारेकऱ्याच्या चाकूपासून बऱ्याच अंतरावर बसावं लागतं. शिवाय सगळे सारखे असतील तर काहींनीच का मारलं, याचं उत्तर सारखेपणातून कसं निघणार?

दुसरी गोष्ट, त्यांच्याशी कुणी बोललं नाही ही. हे वाक्य ऐकताना डोळे पाणावतात, म्हणून ते तपासलं जात नाही. सान बाबिलाच्या पोरांशी कोण बोलत नव्हतं? बारवाल्यांकडे त्यांची बैठक होती. पोलिसांना ती चेहऱ्याने ठाऊक होती. त्यांच्या घरी वकील परवडत होते. त्यांच्या मतांचा संसदेत पक्ष होता, एमएसआय, आणि 1972 च्या निवडणुकीत त्याला 8.7 टक्के मतं पडली होती. 1971 पासून मिलानमध्ये ‘मूक बहुमत’ या नावाने मध्यमवर्गीयांचे मोर्चे निघत होते, त्यांत ही पोरं आणि त्यांच्या वडिलांच्या वयाचे लोक एका रांगेत चालत होते. इतका संवाद आजच्या कुठल्या कुटुंबात आहे? वाळीत टाकलेला मुलगा शहराच्या सर्वांत महागड्या चौकात रोज संध्याकाळी पाय पसरून बसत नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि पासोलिनीला ती बघायला मिळाली नाही. 2 नोव्हेंबर 1975 रोजी त्याचाच खून झाला. उपभोगाच्या संस्कृतीने पोकळी केली आणि पोकळीने हिंसा केली, हे खरं असतं तर 1980 नंतरचं मिलान रक्ताने न्हायला हवं होतं. उपभोगाचा खरा महापूर तेव्हा आला. एका मद्याच्या जाहिरातीतून ‘प्यावं असं मिलान’ हे त्या शहराचं टोपणनावच पडलं. आणि सान बाबिलाच्या त्याच चौकात, बर्घी नावाच्या बर्गरच्या दुकानासमोर, पोरांची नवी पिढी जमू लागली. ‘पानिनारी’ त्यांचं नाव. मोंक्लेरची फुगीर जाकिटं, टिंबरलँडचे बूट, मोटरसायकली. तीच घरं, तोच पैसा, तोच कंटाळा, तीच बढाईखोर टोळकी. कित्येकांचा कल उजवीकडेच. ज्या पोकळीबद्दल पासोलिनी विव्हळत होता ती इथे बाटलीत भरून विकायला ठेवावी इतकी शुद्ध स्वरूपात होती. त्यांच्यावर 1986 मध्ये सिनेमा निघाला तो ‘इटालियन फास्ट फूड’, हलकाफुलका विनोदी. कारण तिथे खून पडत नव्हते.

पोकळी तशीच राहिली, कदाचित वाढली. मग गेलं काय?

माझं उत्तर: मुभा गेली. एखाद्या तरुणाने माणसावर हात टाकावा यासाठी आत काही धगधगत असावं लागतं हे मान्य. पण ते धगधगणं चौकात येऊन, या माणसावर, या वेळी, चाकू बनून बाहेर पडायला भोवतालच्या मोठ्या माणसांनी सैलपणे सोडलेली एक जागा लागते. ती जागा देणारे स्वतः कधी चाकू धरत नाहीत. बऱ्याचदा त्यांना चाकूची शिसारीच असते. पण कुणाला मारलं तर फारसं बिघडणार नाही, हे ते पोरांना न बोलता कळवतात. पोरांना ते फार अचूक कळतं. त्या वयात अभ्यास सोडून सगळं अचूक कळतं.

इतर उत्तरं आहेतच. ‘दोन्ही टोकं सारखीच’ हे त्या काळच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पुढाऱ्यांचं आवडतं वाक्य. ते बोलणाऱ्याला मध्यभागी बसवतं, यापलीकडे त्यातून काही कळत नाही. गरिबीचा संबंध जोडणाऱ्यांनी सान बाबिलातल्या दुकानांच्या काचेवरच्या किमती वाचाव्यात. ऐंशीच्या दशकात हेरॉइनने पोरं गारठली म्हणणाऱ्यांनी हेरॉइन सत्तरच्या दशकातही मिळत होतं हे आठवावं.

एकच उत्तर असं आहे की त्याला थोडी जागा द्यायला हवी, कारण ते माझ्या उत्तराच्या फार जवळ येऊन चुकतं. ते म्हणजे, सगळं वरून झालं. गुप्तहेर खात्यांनी, परकीय हस्तकांनी घडवलं. यात तथ्य नाही असं कोण म्हणेल? पियाझ्झा फोन्तानाच्या प्रकरणात लष्करी गुप्तचर खात्याचे जनरल मालेत्ती आणि कॅप्टन लाब्रूना यांना शिक्षा झाल्या. पण त्या कशाबद्दल झाल्या ते बघा. बॉम्ब ठेवायला सांगितलं म्हणून नव्हे. संशयितांना तपासापासून वाचवलं, देशाबाहेर जायला मदत केली म्हणून. हुकूम शोधणाऱ्यांना हुकमाचा कागद सापडला नाही. सापडली ती पाठराखण. आणि पाठराखण ही हुकमाची फिकट प्रत समजून ते निराश झाले. मला वाटतं त्यांच्या हाती आलं होतं तेच घबाड होतं. हुकूम असला की तो देणारा एक असतो आणि त्याला पकडता येतं. मुभा शेकडो लोक थोडी थोडी देतात, म्हणून ती पुराव्यात मावत नाही.

हा फरक लिझानीला फार आधीपासून माहीत असणार असं मला वाटतं. रोबेर्तो रोसेलिनीच्या ‘जर्मनी, वर्ष शून्य’ या 1948 च्या सिनेमाच्या पटकथेत तरुण लिझानीचा हात होता. बेचिराख बर्लिनमध्ये एडमुंड नावाचा 12-13 वर्षांचा मुलगा आजारी बापाला विष घालतो. त्याआधी त्याला त्याचा जुना शिक्षक भेटलेला असतो, मुरलेला नाझी. दुबळ्यांनी मरावं, बळकटांनी जगावं, असं तो सहज, चालता बोलता म्हणून जातो. मुलगा ते ऐकतो, घरी जातो, करतो, आणि शिक्षकाकडे परत येऊन सांगतो. तेव्हा शिक्षकाची जी पाचावर धारण बसते ती बघण्यासारखी आहे. मी तुला मारायला कुठे सांगितलं, असं तो ओरडतो. आणि तो खोटं बोलत नसतो! त्याने सांगितलेलं नसतंच. त्याने वाट मोकळी करून दिलेली असते. तरुणांच्या हिंसेवर मी पाहिलेलं हे सर्वांत नेमकं दृश्य आहे, आणि त्यात पोकळी हे कारण म्हणून टिकत नाही. अख्खं शहरच पोकळ आहे, तिथली बाकीची मुलं सिगारेटी विकतात, चोऱ्या करतात, जगतात.

एव्हाना डाव्या वाचकाला बरं वाटू लागलं असेल. तर आता दुसरी बाजू. मुभेला रंग नसतो.

सेर्जो रामेल्ली हा मिलानच्या मोलिनारी तंत्रशाळेतला विद्यार्थी, वय 18, एमएसआयच्या युवक संघटनेचा सदस्य. वर्गात निबंध लिहायला दिला होता. त्याने रेड ब्रिगेड्स या डाव्या अतिरेकी संघटनेबद्दल लिहिलं: जून 1974 मध्ये पादोव्हा शहरात त्यांनी एमएसआयच्या दोन माणसांना मारलं त्याबद्दल सगळे गप्प का? निबंध शिक्षकाकडे जायचा, लाल शाई लागून परत यायचा. या निबंधाला लाल शाई लागली ती विद्यार्थ्यांची. ओळी अधोरेखित केलेली ती पानं शाळेच्या फलकावर टाचली गेली: हा बघा फॅसिस्टाचा निबंध. ती शाळा सुरू होती. शिक्षक येत-जात होते, घंटा होत होत्या, हजेरी लागत होती, आणि फलकावर एका मुलाचा निबंध आरोपपत्र बनून लटकत होता. पुढे त्याला शाळा सोडावी लागली; बापाबरोबर दाखल्याच्या कामाला गेला तेव्हाही शाळेतच मार बसला. 13 मार्च 1975 रोजी घराजवळ तो आपली स्कूटर लावत असताना टोळक्याने मोठ्या पान्यांनी त्याचं डोकं फोडलं. 47 दिवसांनी, 29 एप्रिलला, तो मेला. मारणारे ‘आवांग्वार्दिया ओपेराया’ या डाव्या संघटनेचे होते, बहुतेक वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी. त्यांची आणि त्याची ओळख नव्हती. त्यांना अटक झाली 1985 मध्ये, खटला उभा राहिला 1987 मध्ये. मधल्या काळात ते डॉक्टर झाले होते.

भावी डॉक्टर पाना घेऊन कवटी फोडतात. त्यांच्या आत पोकळी होती का? उलट, ती ध्येयाने ठासून भरलेली पोरं होती. ‘फॅसिस्टाला मारणं हा गुन्हा नाही’ ही तेव्हाची मोर्च्यांतली घोषणा. ही घोषणा कुणालाच मारायला सांगत नाही. मारलं तर काय होणार नाही, एवढंच ती सांगते. मुभेची इतकी कोरडी, जवळजवळ कायद्याच्या भाषेतली व्याख्या मला दुसरीकडे सापडलेली नाही. ती देणाऱ्यांत प्राध्यापक होते, वकील होते, चांगली पुस्तकं वाचणारी माणसं होती.

त्या चांगल्या माणसांवर जान्नी अमेलिओने 1982 मध्ये ‘कोल्पिरे आल कुओरे’ केला. सिनेमा म्हणून तो लिझानीच्या सिनेमापेक्षा कितीतरी वरचा आहे. वडील विद्यापीठात प्राध्यापक, भूमिका जाँ-लुई त्रँतिन्याँची. मृदू, विनोदी, मुलाशी मित्रासारखा वागणारा बाप. मुलगा एमिलिओ 15 वर्षांचा, गळ्यात कॅमेरा, चेहरा कायम आवळलेला. वडिलांकडे येणारं एक तरुण जोडपं अतिरेकी निघतं. त्यातला तरुण चकमकीत मरतो, मुलगा त्याला ओळखतो, पोलिसांना सांगतो, आणि शेवटी वडिलांनाही पकडून देतो. प्राध्यापकाने बंदूक उचललेली नाही. त्याच्या हातून गुन्हा घडला की नाही हेसुद्धा सिनेमा धूसर ठेवतो. त्याने फक्त दार उघडं ठेवलं. या सिनेमात ‘अतिरेकी तरुणाई’ हा शब्दप्रयोगच उताणा पडतो, कारण तरुण आहे तो कायद्याच्या बाजूला आणि सैल आहे तो बाप. एमिलिओ मला आवडत नाही. त्याच्या सचोटीत गारठा आहे, आणि अमेलिओलाही तो आवडत नसावा. पण बापाच्या गोडव्याला हा मुलगा एकच प्रश्न विचारतो आणि बापाकडे उत्तर नसतं: तुम्हाला माहीत होतं ना?

मुभा दिली जाते तशी ती काढूनही घेता येते, आणि काढून घेण्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. जेनोव्हाच्या इताल्सिदेर पोलाद कारखान्यात ग्विदो रोसा हा कामगार, कम्युनिस्ट पक्षाचा आणि कामगार संघटनेचा माणूस. कारखान्यात रेड ब्रिगेड्सची पत्रकं सोडणारा सहकारी त्याने 1978 मध्ये पकडून दिला. तक्रारीवर सही करायची वेळ आली तेव्हा बरोबरचे मागे सरले. सही त्याची एकट्याची राहिली. ‘ना सरकारबरोबर, ना ब्रिगेड्सबरोबर’ हे तेव्हाचं सुरक्षित वाक्य होतं. 24 जानेवारी 1979 रोजी पहाटे त्याला गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेला अडीच लाख लोक आले, राष्ट्राध्यक्ष पेर्तिनी आले. त्याच्यावर जुझेप्पे फेर्राराने केलेला सिनेमा बेताचा आहे, पण प्रसंग बेताचा नाही. कारखान्यांतली डोळेझाक त्या दिवशी संपली. यावर आक्षेप येईल की खून त्यानंतरही झाले, आणि तो बरोबर आहे. 28 मे 1980 रोजी मिलानमध्येच वाल्तेर तोबाजी या पत्रकाराला मारलं गेलं, ते चांगल्या घरच्या पोरांनी. शरण येणाऱ्यांना सवलत देणारे कायदे आले, पोलीस सुधारले, त्यांचं श्रेयही मोठं आहे. मुभा आटली की दुसऱ्या दिवशी बंदुका थंडावतात असा माझा दावा नाही. पण ती आटल्याशिवाय पोलिसांना कुणी काही सांगितलं असतं का, हे मला विचारावंसं वाटतं.

उजव्या बाजूचंही असंच एक उदाहरण आहे. 12 एप्रिल 1973 रोजी मिलानमध्ये बंदी घातलेल्या सभेच्या गोंधळात नवफॅसिस्ट पोरांनी हातगोळे फेकले आणि 22 वर्षांचा पोलीस आंतोनियो मारिनो मेला. एमएसआय पक्षाला ते परवडणारं नव्हतं. फेकणाऱ्यांना पकडून द्यायला पक्षानेच मदत केली. म्हणजे कुठवर चालेल हे पक्षाला नेमकं माहीत होतं, आणि तोवर त्याने चालवून घेतलं होतं.

सुरुवातीला म्हटलं होतं की पोकळीचं निदान सोयीचं आहे. सोय मोठ्यांची आहे. मुलाच्या आत बघायचं ठरवलं की त्याच्या आजूबाजूला बघावं लागत नाही. समुपदेशकाला बोलावता येतं, मोबाइल काढून घेता येतो, आणि परवा जेवणाच्या टेबलावर कुणा एका जमातीबद्दल आपण काय बोललो, गावातल्या मारहाणीची चित्रफीत बघून आपण हसलो की नाही, मिरवणुकीतल्या घोषणेला आपण हात वर केला की नाही, हे आठवावं लागत नाही.

मार्को बेलोकिओच्या ‘स्बाती इल मोस्त्रो इन प्रिमा पाजिना’ या 1972 च्या सिनेमाची सुरुवात मिलानमधल्या उजव्यांच्या सभेच्या खऱ्या चित्रफितीने होते. तीत भाषण करताना दिसणारा तरुण म्हणजे इन्यात्सियो ला रुस्सा. पुढे रामेल्लीच्या खटल्यात तो त्याच्या कुटुंबाचा वकील होता, आणि 2022 मध्ये तो इटालियन सिनेटचा अध्यक्ष झाला. दर 29 एप्रिलला रामेल्लीच्या स्मरणार्थ मिलानमध्ये अजूनही रांगा लावून फॅसिस्ट सलाम केला जातो. अशाच एका 2016 च्या कार्यक्रमावरून इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाला 2024 मध्ये ठरवावं लागलं की हा सलाम गुन्हा केव्हा होतो. एका मुलाच्या अन्यायी मरणाचा उपयोग पुढच्या मुलांसाठी नवी मुभा तयार करायला होतो आहे. इटलीतल्या चर्चेत त्या सलाम करणाऱ्या पोरांच्या मानसिकतेवर रकाने भरून येतात. त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या मोठ्यांवर फारच कमी.

अमेलिओचा सिनेमा श्रेष्ठ आहे, तरी आधी लिझानीचा बघा. आणि बघताना त्या चौघांवर नजर खिळवू नका. ते काय करणार हे शीर्षकातच सांगितलं आहे. चौकटीच्या कडेला उभे आहेत त्यांना बघा.